इमॅजिकाचा नायट्रो: कुठल्या रांगेत बसलात आणि किती वाजता बसलात?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, आपल्या ह्या पट्ट्यातनं खोपोलीच्या इमॅजिका ह्या थीम पार्कला जाणारी मंडळी आता भरपूर आहेत, मे महिन्यात तर गल्लीगल्लीतनं टेम्पो ट्रॅव्हलर भरून निघतात. परत आल्यावर तिथला नायट्रो हा रोलर कोस्टर कसा वाटला विचारलं तर एकजण म्हणतो जीव घशात आला, पुन्हा बसणार नाही, आणि त्याच गाडीतनं गेलेला दुसरा म्हणतो काय एवढं नाही, त्यापेक्षा यात्रेतली झोक्याची नाव बरी. मग दोघांची वादावादी सुरू. मला विचाराल तर दोघंही खरंच सांगूलेत. राईड एकच होती पण दोघांना मिळालेली फेरी एक नव्हती, आणि हा नुसता मनाचा खेळ नाही, त्याला चाक, ग्रीस, वजन, हवा अशी पक्की कारणं आहेत. मी बेळगावच्या उद्यमबागेत मशीन शॉपला कामाला आहे, बेअरिंग आणि पीयूचे, म्हणजे रबरासारख्या प्लास्टिकचे, रोलर रोज हातातनं जातात, त्यामुळं असेल, रांगेत उभं असताना सगळे वर बघतात आणि माझी नजर चाकांवर असते. तर पार्कात काय काय आहे त्याची यादी इथं देत नाही, ती कुठंही मिळेल. एकाच राईडमध्ये फेरीगणिक काय बदलतं आणि आपल्याला हवी तशी फेरी कशी मिळवायची ते सांगतो.

पार्कबद्दल थोडक्यात. 2013 साली सुरू झालं, तेव्हा नाव ॲडलॅब्ज इमॅजिका होतं, मनमोहन शेट्टींनी उभं केलेलं, 2022 पासून मालपाणी ग्रुपकडं आहे. खोपोली-पाली रोडवर, सह्याद्रीच्या पायथ्याला. बेळगावातनं चारशे किलोमीटरच्या वर पडतं पण रस्ता सरळ आहे, तवंदी घाट उतरला की निपाणी, मग कोल्हापूर, कराड, सातारा, पुणे, आणि एक्सप्रेसवेनं घाट उतरलं की खोपोली. रात्री लवकर जेवून निघालं की गेट उघडायच्या वेळेला पोचता येतं, आणि सकाळी लवकर पोचण्याचं महत्त्व पुढं येतंय. तिकिटाचे दर वारावर आणि सीझनवर बदलतात, ते ऑनलाईन बघूनच निघा.

आता नायट्रो. बनवलाय स्वित्झर्लंडच्या बॉलिगर अँड मॅबिलार्ड कंपनीनं, कोस्टरच्या धंद्यात हे नाव फार मोठं आहे. फ्लोअरलेस प्रकार, म्हणजे तुम्ही बसलात, खांद्यावरचा हार्नेस लॉक झाला की पायाखालची फरशी खाली जाते आणि पाय मोकळे लोंबतात. एका रांगेत चार जण. पार्कच्या सांगण्याप्रमाणं उंची 132 फूट, वेग ताशी 105 किलोमीटर, आणि पाच वेळा डोकं खाली पाय वर. हे आकडे सगळ्यांना सारखेच. पण एक गोष्ट ध्यानात घ्या, साखळीनं वर नेऊन सोडलं की पुढं त्या गाडीला मोटर नाही, इंजिन नाही, काही नाही. वर चढताना जी काय ऊर्जा साठली तेवढ्यावरच शेवटपर्यंत जायचं. वाटेत चाकानं किती खाल्ली, बेअरिंगनं किती खाल्ली, हवेनं किती खाल्ली ह्यावर गाडी किती जोरात राहणार ते ठरतं, आणि हा हिशोब सकाळी वेगळा, दुपारी वेगळा, रिकाम्या गाडीला वेगळा, भरलेल्या गाडीला वेगळा.

पण सगळ्यात मोठा फरक पाडते ती गाडीतली बसायची रांग. पहिल्या रांगेत बसलात की वरच्या टोकावरनं तुम्ही पुढं आलेले असता पण मागचे डबे अजून साखळीवरच असतात, म्हणजे गाडी अजून साखळीच्या चालीनंच सरकत असते. समोर डोंगर, खाली उतरणारा रूळ, पायाखाली मोकळी हवा, आणि गाडी काही सुटत नाही. तेवढा वेळ माणूस नुसता बघत राहतो. तिथली भीती डोळ्यांनी आत येते. शेवटच्या रांगेत बरोबर उलटं. पुढचे डबे उताराला लागलेले असतात, निम्म्याच्या वर वजन पलीकडं गेलं की गाडी सुटते, त्यामुळं तुमची रांग टोकावर येते तेव्हा गाडीनं चांगला वेग घेतलेला असतो आणि तुम्हाला काही बघायच्या आत खेचून पलीकडं फेकलं जातं. टेबलाच्या कडेवरनं साखळी घसरायला लागली की शेवटची कडी कशी सटकन उडते, तसंच. बूड सीटवरनं उचललं जातं, हार्नेस खांद्याला लागतो, पोटात तो खड्डा पडतो.

गंमत अशी की गाडी सलग जोडलेली असल्यामुळं एका क्षणाला सगळ्या डब्यांचा वेग सारखाच असतो. पुढच्याला 40 आणि मागच्याला 60 असं कधी होत नाही. फक्त त्या वेगाला कोण रुळाच्या कुठल्या जागेवर आहे ते वेगळं, आणि तेवढ्यानंच सगळी राईड बदलते.

मधल्या रांगा लोकांना उरलेल्या वाटतात, पुढं नाही मिळालं, मागं नाही मिळालं तर बसू मधे. पण लूपमध्ये, म्हणजे रूळ उभा गोल फिरून डोकं खाली करतो तिथं, मधल्या रांगेची वेगळीच मजा आहे. गाडीचा मधला भाग लूपच्या माथ्यावर असतो तेव्हा अख्ख्या गाडीचं वजन जास्तीत जास्त उंचीवर गेलेलं असतं, म्हणजे गाडी सगळ्यात हळू. पहिली आणि शेवटची रांग माथ्यावरनं जरा जोरात निघून जाते, मधली रांग मात्र डोकं खाली असताना सावकाश जाते, आणि त्या वेळेला सगळं जग उलटं दिसतंय हे नीट कळतं. माझी आक्का, जिला धक्के नको असतात, तिला मी मधेच बसवलं आणि तिला राईड आवडली, मागं बसवलं असतं तर ती पुन्हा त्या दिशेला फिरकली नसती ह्याची मला खात्री आहे.

चार सीटांतला फरक पण सांगतो. गाडी स्वतःभोवती गिरकी घेते तिथं मधल्या दोन सीट गिरकीच्या मध्याजवळ असतात, कडेच्या दोन लांब असतात, त्यामुळं कडेच्या माणसाला मोठा झोका मिळतो. ज्याला जोर पाहिजे त्यानं कडेला बसावं, ज्याला मान सांभाळायचीय त्यानं आत.

भाचा नववीत आहे, त्याला पहिल्या रांगेचंच वेड, आणि पुढच्या रांगेला नेहमी जास्त गर्दी. शेवटी कंटाळून तोच म्हणाला, "मामा, पुढं लई लाईन हाय, मागं बसूया की." मी तिथल्या पोराला विचारलं, "दादा, शेवटची रांग देता काय?" तो म्हणाला, "देतो की काका, पण मागं जास्त लागतंय बघा." उतरल्यावर भाचा जिन्यावर थांबून म्हणाला, "ही वेगळीच राईड हाय ओ मामा, मघाशी असं झालंच नव्हतं." आणि लगेच परत रांगेकडं. आतापर्यंत पुढं पुढं करणारं पोरगं त्यानंतर दिवसभर मागंच बसत होतं.

आता चाकांकडं येतो. स्टेशनात तुमच्या आधीची गाडी येऊन थांबते तेव्हा खाली वाकून बघा, हार्नेस आणि सीटकडं नको, त्याच्या खाली. प्रत्येक जागी चाकांचा एक संच असतो: वरनं चालणारी, बाजूनं रुळाला धरणारी, आणि रुळाच्या खालनं येणारी. ती खालची चाकं आहेत म्हणून गाडी रूळ सोडू शकत नाही, वर उचलली गेली की ती खालनं टेकतात. चाकाचा आतला भाग धातूचा आणि वरनं पॉलियुरेथेनचा थर, ज्याला आपण शॉपमध्ये नुसतं पीयू म्हणतो. ज्यांनी पीयूचा रोलर हाताळलाय त्यांना ठाऊक असेल, भार आला की तो किंचित दबतो, भार गेला की परत फुगतो. ह्या दबण्याफुगण्यात दर फेऱ्याला थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते. पीयू गार असेल तर जास्त जाते, गरम झाला की कमी. ग्रीसचं पण तेच, गार असताना घट्ट, फिरून फिरून तापलं की मोकळं. आणि रात्रभर गाडी एका जागी उभी राहिली की भाराखाली चाकाला बारीकसा चपटेपणा येतो, तो थोड्या फेऱ्यांनंतर चाक तापलं की निघून जातो. म्हणून सकाळच्या पहिल्या फेऱ्या जरा मंद आणि जरा खरखरीत, आणि दुपारनंतर तीच गाडी मोकळी पळते. थंड देशांत तर फार गारठा असला की कोस्टर चालवतच नाहीत, कारण गार चाकांवर गाडी पुढचा चढ पार न करता दोन चढांच्या मधे अडकायची भीती असते. खोपोलीला तेवढी थंडी कुठली, पण डिसेंबरातली सकाळ आणि त्याच दिवसाची संध्याकाळ ह्यातला फरक मला स्वच्छ जाणवला, शेवटच्या वळणात तर फारच.

मग सकाळी लवकर का पोचायचं? तर सकाळी गर्दी नसते, म्हणून पुढची-मागची रांग निवडून बसता येतं. पहिल्या रांगेची मजा बघण्यात आहे, तिला वेगाची एवढी गरज नाही, ती सकाळी उरकून घ्या. शेवटची रांग चार वाजल्यानंतर. हा क्रम माझ्या मते सगळ्यात चांगला आहे आणि कुणी बेळगावातनं एवढं लांब जाऊन सकाळी एकदा बसून "झालं नायट्रो" म्हणून पुढं गेला की मला खरंच वाईट वाटतं.

आवाजाबद्दल एक सांगतो कारण आमच्याबरोबरची माणसं घाबरली होती. ह्या कंपनीचे कोस्टर लांबनं गडगडतात, चाक खराब झालं म्हणून नव्हे, तर रुळांखालचा मुख्य कणा पोकळ चौकोनी पेटीचा असतो आणि चाकांचा आवाज त्यात घुमतो. काही ठिकाणी शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून त्या पेटीत वाळू भरतात, मग आवाज दबतो. तेव्हा आवाज ऐकून परत फिरू नका.

वजनाचं गणित लोकांना पटत नाही, पण खरं आहे: भरलेली गाडी रिकाम्या गाडीपेक्षा जोरात पळते. हवेचा अडथळा गाडीच्या आकारावर आणि वेगावर असतो, आत किती माणसं आहेत ह्याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. चाळीस किलोचं पोरगं बसलं काय आणि शंभर किलोचा गडी बसला काय, हवा जवळपास तेवढंच अडवते, पण जड गाडीकडं मुळात ऊर्जा जास्त असते, त्यामुळं तिचा वेग कमी घटतो. सकाळी पार्क उघडायच्या आधी गाड्या रिकाम्या फिरवून बघतात, त्या बाहेरनं बघितल्यात तर वरच्या वळणात कशा सावकाश जातात ते दिसेल. मधल्या वारी गर्दी नसताना अर्धी रिकामी गाडी सुटते ती वेगळी, आणि कॉलेजची सहल आलीय, सगळ्या सीट भरल्यात, तेव्हाची वेगळी. वारा समोरनं असला तर आणखी फरक. बारीक पावसात रूळ ओला झाला की गाडी सुसाट जाते, फक्त त्या वेगाला पावसाचे थेंब तोंडाला टाचणीसारखे टोचतात, चष्मा असेल तर आधीच काढून ठेवा. जोराचा वारा किंवा वीज असली की राईड थांबवतात आणि ते बरोबरच आहे, तिथं वाद घालू नका.

मेंटेनन्सनं पण फरक पडतो. दुसऱ्या एका पार्कात, नाव घेत नाही, जुन्या कोस्टरमध्ये बसलो होतो, त्यात गाडी सरळ रुळावर पण डावीउजवीकडं आपटत होती, कान हार्नेसला लागून लाल झाले. बाजूचं चाक झिजून रुळात आणि चाकात फट पडली की असं होतं, आपल्याकडं शॉपमध्ये बुश (शाफ्टभोवतीची नळी) झिजला की शाफ्ट सैल होऊन खेळतो तसाच तो प्रकार. तिथं तर चाकाजवळची सीट आणि चाकापासून लांबची सीट ह्यात एवढा फरक होता की एकाच डब्यातले दोघं उतरल्यावर वेगवेगळं सांगत होते. नायट्रोत मला असं काही आढळलं नाही, फिरतो एकदम नेमका.

बाकीच्या राईडांबद्दल थोडं. डीप स्पेस हा पण कोस्टरच, पण बंद जागेत, अंधारात, आणि चुंबकाच्या जोरावर सोडतात, उंचावरनं नव्हे. आत ऊनपाऊस लागत नाही त्यामुळं फेरीफेरीतला फरक कमी. त्याची खरी मजा पहिल्यांदाच, कारण वळण कुठं आहे हे दिसत नाही आणि अंगाला तयारी करता येत नाही. दुसऱ्यांदा अंगाला आठवतं. दुपारचं ऊन कडक असलं की तिथं जा.

स्क्रीम मशीन हा मोठा लोलक आहे, झुलता झुलता स्वतःभोवती फिरतो. तो टोकाला पोचतो त्या क्षणी तुम्ही वरच्या बाजूला आहात की खालच्या, हे प्रत्येक झोक्याला बदलतं. शेजारी शेजारी बसलेल्यांना जवळपास सारखं, पण समोरच्या बाजूला बसलेल्याला त्याच झोक्यात अगदी दुसरं काहीतरी मिळतं. इथं सीट निवडून काही उपयोग नाही, नशिबावर सोडा.

राजासॉरस ही पाण्यातली बोट. नाव नुसतं ठेवायचं म्हणून ठेवलेलं नाही, राजासॉरस खरा भारतातला डायनासोर, गुजरातमध्ये हाडं सापडली आणि 2003 साली त्याला राजासॉरस नर्मदेन्सिस हे नाव दिलं. पोरांना हे आधी सांगून न्या, मग बघा ती कशी बघतात. बोट जितकी जड तितकं पाणी जास्त उडतं आणि पुढच्यांवर सगळ्यात जास्त, त्यामुळं कोरडं राहायचं असेल तर मागं बसा आणि आपल्या बोटीत दांडगी माणसं किती ते मोजा.

बेंगळूरकडं जाणार असाल, राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं एका रात्रीत जाता येतं, तर बिडदीच्या वंडरला पार्कात रिकॉइल नावाचा कोस्टर आहे. ती गाडी त्याच रुळावरनं आधी पुढं जाते आणि मग तशीच उलटी मागं येते. म्हणजे जाताना तुम्ही पहिल्या रांगेत असाल तर येताना तुमचीच रांग शेवटची होते. एका तिकिटात दोन्ही टोकं, रांगेचा फरक समजून घ्यायला ह्याच्यापेक्षा चांगली राईड नाही.

आणि हे सगळं बघायला खोपोली नाहीतर बिडदीलाच जायला पाहिजे असंही नाही. आपल्याकडं गावोगाव महालक्ष्मीची यात्रा भरते तिथं पाळणा, नाव, टोराटोरा, ब्रेक डान्स सगळं येतं. नावेत टोकाला बसलात की सगळ्यात उंच जाता आणि वरनं परतताना अंग हलकं होतं, मधे बसलात की पाळण्यात बसल्यागत, म्हणून आज्जी आणि नातू मधे, पोरं टोकाला, हे सगळ्यांना न शिकवता कळतं. ब्रेक डान्सचं तर विचारू नका. खालची मोठी तबकडी मोटरनं फिरते, पण आपला डबा मोकळा असतो, त्याला मोटर नाही, तो कधी कुठल्या बाजूला गरकन फिरेल हे तुमच्या वजनावर आणि कोण कुठल्या कोपऱ्यात सरकून बसलंय ह्यावर. एकाच जोडीनं लागोपाठ दोनदा बसलं तरी दोन्ही वेळा वेगळं. त्याच जातीची टिल्ट-अ-व्हर्ल म्हणून राईड आहे, 1926 मध्ये अमेरिकेत मिनेसोटाच्या हर्बर्ट सेलनरनं काढलेली, तिच्यावर तर 1994 मध्ये भौतिकशास्त्राच्या जर्नलमध्ये अभ्यास छापून आलाय. त्यात दाखवलंय की तिची चाल गणिताच्या भाषेत केऑटिक आहे, म्हणजे सुरुवातीला नखाएवढा फरक पडला तरी पुढं सगळं बदलतं, त्यामुळं पुढची गिरकी कुठल्या बाजूला येणार हे आधी सांगता येत नाही. लोक ह्या राईडला दरवर्षी का परत येतात त्याचं उत्तर माझ्या मते ह्यातच आहे. कोस्टरमधले फरक आपण निवडू शकतो, ब्रेक डान्समधले निवडता येत नाहीत, आणि मला दोन्ही पाहिजेत.

तरी एकच निवड म्हणाल तर नायट्रो. पार्काला पैकीच्या पैकी देईन की नाही ते वेगळं, गर्दीच्या दिवशी कुठल्याही पार्कात रांगेत दिवस जातो, पण ह्या एका राईडसाठी मी परत जाईन. सुट्टीचा दिवस टाळा, शनिवार-रविवार टाळा, रांग टाळायचा जादा पैशाचा पास मिळतो, तो घ्यायचा की नाही ते त्या दिवसाची गर्दी बघून ठरवा. दहा राईडांवर टिक मारण्यापेक्षा नायट्रोला पुढं, मधे आणि मागं असं तिन्हीकडं बसा, आणि ज्याला उलटी होते त्यानं मधे दोन तास सोडा. मान, पाठ, बीपी किंवा हार्टचा त्रास असेल तर बसूच नका, बाहेर जो बोर्ड लावलाय तो वाचा. बसणाऱ्यांनी डोकं मागं टेकवून ठेवा, विशेषतः शेवटच्या रांगेत, कारण तिथं झटका अचानक येतो. चप्पल काढून ठेवा, मोबाईल खिशात नको. आणि परतीला रात्री लगेच गाडी चालवायला बसू नका, दिवसभर असं हलल्यावर झोप फार गाढ येते, पुण्यात किंवा साताऱ्यात मुक्काम करा आणि सकाळी निवांत निपाणीच्या पुढं या.